सतरा मिनिटांची फाइल

तीर्थरूप ताईंच्या चरणी साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा मनातल्या मनात घातला असं समजावं. प्रत्यक्ष घातला तर मला उचलायला दोन माणसं लागतील, आणि घरात माणसं दोनच आहेत, त्यांतला एक जमिनीवर पडलेला मीच.)

तुमची प्रकृती कशी आहे, उजवा गुडघा काय म्हणतो, हे विचारायचा हक्क आम्ही चार वर्षांपूर्वी गमावला हे मला ठाऊक आहे. तरी विचारतो, कारण पत्र कुठून तरी सुरू करावं लागतं. पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुम्ही ते न फोडताच केराच्या टोपलीत टाकाल अशी धास्ती होती, म्हणून पत्ता छापून चिकटवला आहे. विजेचं बिल समजून तरी फोडाल असा हिशेब होता. आता फोडलंच आहे तर पुरतं वाचा. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य सवयीने उतरलं. खोडलं तर पान खराब दिसेल म्हणून राहू देतो. जसजसं पुढे वाचाल तसतसं तुम्हीच मनातल्या मनात खोडत जा.)

गेले तीन महिने या घरात विषय एकच आहे, आणि तो म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीची फाइल. तुमची धाकटी घराचा हिशेब कॉम्प्युटरवर लिहिते हे तुम्हाला माहीत आहेच. ते माहीत नसतं तर आपलं भांडणच झालं नसतं. बावीस वर्षांपूर्वी तिने घरगुती जमाखर्चाचं ते सॉफ्टवेअर विकत आणलं. (ते बनवणारी कंपनी पुढे बुडाली. लोकांना पैसे कसे सांभाळावेत ते शिकवणारी कंपनी पैशांपायी बुडाली, म्हणजे लोका सांगे ब्रह्मज्ञान.) नुसतं आणून ती थांबली नाही. लग्नापासूनच्या सगळ्या वह्या मांडून बसली आणि दोन वर्षं खपून तिने आधीची एकोणीस वर्षंही त्यात भरली. म्हणजे एकेचाळीस वर्षांचा आमचा संसार एका फाइलीत आहे, आणि फाइलीचं नाव 'घर'. तुमच्या बहिणीला नावं ठेवायला फारसं सुचत नाही. पण नावं ठेवायला लागली की थांबत नाही, हा अनुभव माझा स्वतःचा आहे.

तिच्या हिशेबाचा एक नियम तुम्ही जाणताच, की 'किरकोळ' हा शब्द चालणार नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी खर्च सांगताना शेवटी 'बाकी किरकोळ' म्हणालो. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, किरकोळ असं काही नसतं, आठवा. मग मी पाऊण तास बसून आठवलं: बुटाची नाडी, दोन केळी आणि एक सिगारेट, जी मी लग्नाआधीच सोडल्याचं तिला सांगितलेलं होतं. तेव्हापासून आजतागायत फाइलीत 'किरकोळ' हे खातं नाही. प्रत्येक नोंदीपुढे मात्र शेरा आहे. छत्री असेल तर 'तिसरी. पहिल्या दोन यांनी हरवल्या. कुठे ते सांगत नाहीत.' दाढीचं सामान असेल तर 'मिशी ठेवण्याचा विचार बारगळला.' मी तीस वर्षं लिफ्टनिरीक्षक होतो, माझ्या हाताखालून हजारो अहवाल गेले, पण माझ्यावर इतका बारकाईचा अहवाल कुणी लिहीत असेल अशी मला कल्पना नव्हती.

तर ही फाइल फुगली. किती फुगली ते आकड्यांत सांगून तुम्हाला काही कळणार नाही, मलाही कळलेलं नाही. मी वेळ मोजतो. सकाळी नऊ वाजता तुमची धाकटी जेवणाच्या टेबलाशी बसते, चष्मा पुसते, फाइलीवर टिचकी मारते, आणि पुढे सतरा मिनिटं पडद्यावर एक बारीक चक्र फिरत राहतं. सतरा मिनिटांत मी चहा करतो, पितो, कप विसळतो आणि कपाटात ठेवतो. चक्र तिथल्या तिथेच असतं. लिफ्टची वाट पाहणारा माणूस अर्ध्या मिनिटाच्या वर थांबत नाही, पुन्हा बटण दाबतो, हे मी नोकरीत पाहिलं आहे. तुमची धाकटीही दाबते. मग फाइल दोनदा उघडायचा प्रयत्न करते, दोन्ही वेळा दारात अडकते, आणि सतराची तीस मिनिटं होतात. तेवढ्यात तिचा दिवस नासतो आणि तिचा नासला की माझा शाबूत राहण्याचा प्रश्नच येत नाही. काहीही करून फाइल नऊ मिनिटांच्या आत उघडली पाहिजे, असं मी ठरवलं. (नऊच का, हे पुढे येईल. मी ते मुद्दाम पुढे ढकलतो आहे, हे तुमच्यासारख्या शिक्षिकेच्या लक्षात आलंच असेल.)

आमच्या गल्लीच्या टोकाला, शिंपी आणि किल्ल्या बनवणारा यांच्यामधल्या बोळकांडीत, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसतात. साठीचे आहेत, दोन चष्मे वापरतात, एक नाकावर आणि एक कपाळावर, आणि यंत्राविषयी बोलताना आवाज इतका खाली आणतात की नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतील असं वाटतं. त्यांनी फाइल पाहिली आणि म्हणाले, साहेब, वजन फार वाढलंय, खातंय काय ते पाहायला पाहिजे. पाहिलं. तुमच्या वडिलांनी लग्नात तिला एका रंगाच्या कंपनीचे सात शेअर दिले होते, ते आठवतात ना? त्या सात शेअरांचा रोजचा भाव कळावा म्हणून तिने कधीकाळी एक बटण दाबलं, आणि ते दाबताना 'हा' ऐवजी 'सर्व' दाबलं. त्या दिवसापासून बावीस वर्षं बाजारातल्या झाडून सगळ्या कंपन्यांचे भाव दररोज आमच्या घरात येऊन पडत होते. पोलाद, सिमेंट, जहाजं, साबण. आम्ही गरिबीत दिवस काढत होतो आणि सगळा बाजार आमच्या टेबलावर मुक्कामाला होता. ते सगळे भाव मी एका दुपारी हाकलून दिले. फाइल साडेचौदा मिनिटांवर आली. रंगाची कंपनी, ताजा कलम, केव्हाच बंद पडली आहे.

मग बिलांचे फोटो. दुकानातल्या पावतीची शाई उडते म्हणून तुमची धाकटी प्रत्येक पावतीचा फोटो काढून नोंदीला जोडते. दोन्ही बाजूंचा. मागची बाजू कोरी असते असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाली, ती कोरी होती हे नंतर कशावरून सिद्ध करणार? गृहस्थांनी फोटो लहान करण्याची युक्ती शिकवली. मी चार दिवस बसून अकरा हजार फोटो लहान केले, घामाघूम झालो, आणि फाइल उघडायला बावीस मिनिटं लागू लागली. कारण सॉफ्टवेअरने लहान फोटो घेतले आणि मोठेही ठेवून दिले. (मालकिणीच्या वळणावर गेलेलं सॉफ्टवेअर. घरात काही टाकायचं नाही.) करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात ते हेच. मोठे फोटो शोधून काढण्यात आणखी आठवडा गेला, तेव्हा कुठे अकरा मिनिटांवर आलो.

अकरा. नऊवर यायला अजून दोन कमी करायची राहिली. आता नऊचं सांगतो, ताई, बसून वाचा.

तुमच्या धाकटीला विसरायला होतं. तुमच्या-माझ्यासारखं नव्हे, चष्मा कुठे ठेवला आणि दूध उतू गेलं, तसलं नव्हे. डॉक्टरांनी आठ महिन्यांपूर्वी नाव सांगितलं, मोठं नाव आहे, मला ते उच्चारायला आवडत नाही. सकाळी ती चांगली असते. हिशेबाला बसली की आपण कशाला बसलो हे तिला साधारण नऊ मिनिटं आठवतं. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. (हे नवऱ्याला शोभणारं काम नव्हे, निरीक्षकाचं आहे, पण डॉक्टरांपुढे बसल्यावर मला दुसरं काही करता येईना.) नऊ मिनिटांच्या आत फाइल उघडली तर रकाने दिसतात, आकडे दिसतात, तिचे हात आपोआप चालायला लागतात, आणि पुढचा तासभर ती पूर्णपणे तुमची धाकटी असते, मला टाकून बोलण्यापर्यंत. नाही उघडली तर दहाव्या मिनिटाला ती वळते आणि विचारते, "अहो, मी इथे कशाला बसले?" मी सांगतो. ती मान डोलावते आणि पुन्हा विचारते. मग उठते, कपाटं उघडते, हरवलेलं काहीतरी शोधते, आणि काय हरवलं ते सांगता येत नाही म्हणून रडते. एकेचाळीस वर्षांत मी तिला तीनदा रडताना पाहिलं होतं. आता आठवड्याला तेवढं होतं. मला भीती वाटते, ताई. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. मुलगी दूरदेशी, फोनवर आईचा आवाज छान लागतो म्हणते, आणि सकाळचा आवाज खरोखरच छान असतो.

म्हणून त्या दोन मिनिटांसाठी मी दुरुस्तीवाल्या गृहस्थांचे पाय धरले. ते म्हणाले, सोपं आहे साहेब, जुनी वर्षं कापून टाका, शेवटची पाच ठेवा. जुनं कुणालाच लागत नाही, नुसतं ओझं. मला पटलं. एका दुपारी ती झोपली असताना मी छत्तीस वर्षं कापली. सॉफ्टवेअरने 'खात्री आहे का?' असं दोनदा विचारलं, आणि मी, ज्याला आयुष्यात कशाचीच खात्री नव्हती, दोन्ही वेळा हो म्हणालो. फाइल साडेआठ मिनिटांत उघडली! मी आनंदाने एकटाच स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा चमचा तोंडात टाकला. (माझी साखर वाढलेली आहे. नोंद केलेली नाही.)

दुसऱ्या दिवशी ती बसली, फाइल वेळेत उघडली, तिने आजची भाजी लिहिली आणि मग वर सरकायला लागली. ती रोज वर सरकते, हे मला माहीत नव्हतं. मी त्या वेळी पेपर वाचत असतो. पाच वर्षं मागे गेल्यावर पुढे काहीच नव्हतं. तिने पुन्हा पुन्हा सरकवून पाहिलं. मग माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, घर कुणी रिकामं केलं?" मी काहीतरी थातुरमातुर बोललो. तिने ऐकलं नाही. चोरी झाली आहे, म्हणाली, कागद घ्या आणि गेलेल्या वस्तू लिहा, पोलिसांना यादी लागते. मी कागद घेतला. चोर समोर बसून यादी लिहून घेतो आहे असा प्रकार कुठल्या चौकीत घडला नसेल. ती दोन तास सांगत होती. पहिल्या बिऱ्हाडाचं भाडं. स्टोव्ह, जुना, दांडी वाकडी. मुलीचे पहिले बूट, एक माप मोठे. तुमच्या आईंच्या चष्म्याची काच, डावी. पडद्याचं कापड, सव्वासहा मीटर, दुकानदाराने पाव मीटर मारलं. प्रत्येकाची किंमत, महिना, आणि शेरा. सकाळी नाश्ता केला की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. यादी मी नंतर जुन्या फाइलीशी ताडून पाहिली. एकही आकडा चुकला नव्हता.

तीस वर्षं मी परक्या इमारतींत उभा राहून लोकांना एक नियम सांगत आलो: लिफ्टमध्ये भार जास्त झाला, घंटी वाजली, तर शेवटी चढलेल्याने उतरायचं. स्वतःच्या घरात मी पहिल्यांदा चढलेल्यांना बखोट धरून उतरवलं. जुनी फाइल होती म्हणून निभावलं. (दर शनिवारी ती फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढते आणि माझ्या जोडीदार हरवलेल्या मोज्यांत घालून शिवणाच्या डब्यात ठेवते. माझे मोजे तिने टाकले नाहीत म्हणून मी आयुष्यभर थट्टा केली. आता करणार नाही.) छत्तीस वर्षं परत आली, आणि अकरा मिनिटंही.

मग मी शेवटी कोण चढलं ते पाहायला बसलो. ते मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. एका मंगळवारचं दूध एकेचाळीस वेळा लिहिलेलं होतं. एकच पिशवी, एकच किंमत, एकाच पावतीचा फोटो एकेचाळीस वेळा, दोन्ही बाजूंचा. पुढच्या दिवशी साबण, सत्तावीस वेळा. लिहिलं हे विसरून ती पुन्हा लिहीत होती, आणि संध्याकाळी डब्यातले पैसे मोजून जमेना की खाली एक ओळ घालत होती: 'फरक'. जिने मला केळ्यांसाठी पाऊण तास बसवलं तिच्या हिशेबात 'फरक'! बाजारभाव नव्हे, फोटो नव्हे, फाइल खरी फुगली होती ती यानेच. इतके दिवस मी ज्या चरबीला शिव्या देत होतो, ती तिची आजाराची पत्रिका होती.

मग मी पहिला 'फरक' शोधला. तीन वर्षं आणि दोन महिन्यांपूर्वीचा आहे. डॉक्टरांनी नाव सांगितलं आठ महिन्यांपूर्वी, म्हणजे मधली अडीच वर्षं ती हे एकटी झेलत होती आणि मी शेजारी पेपर वाचत होतो. त्या पहिल्या फरकापुढचा शेरा तसाच्या तसा उतरवतो: 'आज दूध दोनदा घेतलं का, यांना विचारलं. म्हणाले, घेतलं असेल, किरकोळ आहे.'

ताई, मला माझी लाज वाटली. याहून मोठा शब्द मला माहीत नाही.

त्यानंतर मी कामाला लागलो. दुबार नोंदी एका झटक्यात काढणारं एक बटण सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते मी दाबून पाहिलं. त्याने मुलीच्या शिक्षणासाठी दरमहा भरलेले एकशेऐंशी हप्ते एकसारखे आहेत म्हणून दुबार ठरवले आणि एक ठेवून बाकीचे उडवले. बटणाच्या मते आमची मुलगी एक महिना शिकली. (तिचे काही निर्णय पाहता बटण अगदीच चूक नसावं.) पुन्हा तो मोजा, पुन्हा जुनी प्रत. शेवटी हाताने सुरुवात केली. रोज दुपारी ती आडवी झाली की दीड तास, एकेक नोंद पाहायची, खरी कोणती ते ठरवायचं, बाकीच्या खोडायच्या. सहा आठवडे लागले. आज फाइल तीन मिनिटं दहा सेकंदांत उघडते. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी दोन्ही चष्मे काढून माझा हात हातात घेतला आणि पैसे मात्र पूर्ण घेतले.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण खोडता खोडता एक नोंद अशी सापडली की माझा हात थांबला. 'टपाल तिकीट. ताईला पावती पाठवली.' ती त्रेसष्ट वेळा होती.

आता मला नाइलाजाने त्या विषयावर यावं लागतं. तुमच्या आई गेल्या, आणि तेराव्या दिवशी तुमच्या हातात अकरा छापील पानं पडली: आजारपणाचा संपूर्ण खर्च, दोघींत निम्मा, विषम रक्कम आली तिथे वरचा एक रुपया धाकटीकडे. औषधं, इंजेक्शनं, तुम्ही आईंना आणलेली फुलंसुद्धा तुमच्या नावे जमा धरून. मी तिला म्हणालो होतो की पाठवू नकोस. (खरं सांगायचं तर म्हणालो नव्हतो. म्हणायचं मनात होतं. मग चहा आला.) तुम्ही पूर्ण रक्कम पाठवलीत आणि सोबत एक ओळ: 'मिळाल्याची पावती पाठव. आणखी काही पाठवू नकोस.' पावती आली नाही. आईचं बिल पाठवणारी बहीण साधी पावतीसुद्धा पाठवत नाही, असं तुम्ही आमच्या मुलीपाशी म्हणालात ते आमच्यापर्यंत पोचलं. तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर रक्कमही पाठवली नसती.

त्रेसष्ट नोंदी मी दुबार धरल्या आणि खोडायला निघालो. पण एकेचाळीस वर्षं तिच्या हाताखाली राहिल्याचा परिणाम म्हणा, खोडण्याआधी पडताळायचं ठरवलं. शिवणाच्या डब्याखालच्या खणात, जुन्या पडद्यांच्या खाली, त्रेसष्ट पाकिटं सापडली. सगळ्यांवर तुमचा पत्ता, एकही चूक नाही, पिनकोडासकट. सगळ्यांवर तिकीट. मध्ये टपालाचे दर दोनदा वाढले, तर त्यापुढच्या पाकिटांवर जादा तिकीट लावलेलं. बंद केलेली, एकही टपालात टाकलेलं नाही. आधी राग होता म्हणून टाकलं नसेल, नंतर टाकलं असं वाटून टाकलं नसेल. कुठे राग संपला आणि कुठे आजार सुरू झाला ते मला पाकिटांवरून सांगता येत नाही. पण त्रेसष्ट तिकिटं खरोखर विकत घेतलेली आहेत. नोंदी दुबार नव्हत्या. मी एकही खोडलेली नाही.

सोबत त्यांतलं सगळ्यांत पहिलं पाकीट जोडलं आहे. मी ते उघडलेलं नाही. बाकीची मागाल तर पाठवीन. मुलाबाळांना आशीर्वाद, गुडघ्याला जपावं, पत्रात अधिकउणं झालं असेल ते माझ्या पदरात टाकावं, तुमच्या धाकटीच्या नको.

आपला,
धाकटीचा नवरा

ता. क. – हे सगळं लिहिण्याचं खरं कारण वर कुठेच आलेलं नाही. मला पत्राचं उत्तर नको. तिच्या नावाने एक कार्ड पाठवा. त्यावर एवढंच लिहा: 'तुझी पावती मिळाली. ताई.' अक्षर मोठं काढा, फळ्यावर काढायचात तसं, आणि तारीख घाला. तारखेशिवायचा कागद ती ग्राह्य धरत नाही. मी तो टेबलावर कॉम्प्युटरशेजारी उभा करून ठेवीन. ती रोज नव्याने वाचेल, रोज नव्याने जमा करील, आणि दुपारी मी एक ठेवून बाकीच्या खोडीन. या वयात तुम्हाला प्रवासाचा त्रास देण्याचा माझा मुळीच विचार नाही.

ता. क. दुसरा – पाकीट उघडलेलं नाही असं वर लिहिलं आहे. तीन उघडली. खळ लावून पुन्हा चिकटवलेलं तुमच्या लक्षात येईलच, म्हणून आधीच कबूल करतो. सगळ्यांत शेवटच्या पाकिटात काही नाही. मधल्या एकात दुधाची पावती आहे. पहिल्यात साडेतीन ओळी आहेत, आणि त्यांत एकही आकडा नाही. एवढ्या वर्षांत तिच्या हातचं बिनआकड्यांचं लिखाण मी पहिल्यांदाच पाहिलं. ते तुमच्या नावचं आहे, म्हणून इथे उतरवत नाही.

ता. क. तिसरा – हे पत्र मी तिला दाखवलेलं नाही, तुमचा विषयही काढलेला नाही. तरी गेल्या तीन आठवड्यांत फाइल उघडल्याबरोबर ती पहिली नोंद करते ती अशी: 'दूध, अर्धा लिटर जास्त. ताई येणार.' आजवर एकोणीस वेळा झाली आहे. दुबार आहे, नियमाप्रमाणे खोडायला हवी. खोडलेली नाही. ती सकाळी नऊ ते साधारण अकरापर्यंत माणसं ओळखते. नोंद खोटी ठरू नये म्हणून मी रोज अर्धा लिटर जास्त आणतो, आणि मला दूध पचत नाही हे तुम्हाला आमच्या लग्नापासून ठाऊक आहे.